पेंट शॉपचा सप्टेंबर

पडद्यावर तारीख दिसत होती एक जानेवारी १९८०. भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑक्टोबर होता आणि आदल्याच दिवशी दसरा झाला होता. ऐंशी साली मी आठवीत होतो. काटोलजवळच्या आमच्या गावात तेव्हा शाळेतही वीज नव्हती. मशीनची तब्येत बिघडली असती तर मी इंजिनीअरला बोलावलं असतं. हे मशीन स्वतःला विसरलं होतं.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कम्प्युटर ऑपरेटर होतो. कारखान्यात लोखंडी कपाटं आणि टेबलं बनत. नोकरीला लागून सात महिने झाले होते, अजून कायम व्हायचा होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला होता, आणि बी.एस्सी. झाल्यावर नागपुरात सदर भागातल्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या कम्प्युटर कोर्सला जा, हेही त्यांनीच सुचवलं होतं. नोकरी लागल्यावर बाबा गावात सांगत, "पोरगा मशीनवर आहे." ऐकणाऱ्यांना वाटायचं, लेथवर आहे. बाबा त्यांची समजूत दुरुस्त करत नसत, कारण त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसच्या मागे एक लहान खोली होती. तिथे टेबलाखाली एक जाडजूड कॅबिनेट आणि त्याला जोडलेली चार टर्मिनल. आज अशा कॅबिनेटला सर्व्हर म्हणतात, आम्ही 'मोठं मशीन' म्हणायचो. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाची रोजची हजेरी त्या मोठ्या मशीनच्या डिस्कवर असे. माझ्याबरोबर एक ताई काम करत. नागपूरच्या महाल भागातून सायकलनं येत आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. गेटवरची हजेरीची कार्डं रोज सकाळी त्या आणि मी मिळून मशीनमध्ये भरत असू.

भरून झालेली कार्डं पूर्वी पोत्यांत बांधून ठेवत. मी आल्यावर सुचवलं, की मशीनमध्ये सगळं असताना ही पोती कशाला जागा अडवतात? आमच्या विभागाच्या साहेबांना ते पटलं. तेव्हापासून कार्डं दर आठवड्याला रद्दीत जाऊ लागली. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं होतं. तो दिवस मी गावी पत्रात लिहून कळवला होता.

आता त्या सकाळी काय पणाला लागलं होतं ते सांगतो. कारखान्यात चाळीसेक टेम्पररी माणसं होती. त्यांचा पगार ठेकेदाराच्या हातून होई, आणि ठेकेदाराकडे कागद मागायला गेलं तर तो हसला असता. त्या वर्षी युनियन आणि कंपनीत ठराव झाला, की दसऱ्यापर्यंत ज्यांचे दोनशे चाळीस दिवस भरतील त्यांना कायम करायचं. दिवस धरायचे ते मशीनमधले. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी दुपारी चारपर्यंत यादी छापून साहेबांच्या हातात द्यायची होती. संध्याकाळच्या गाडीनं ते ती मुंबईला हेड ऑफिसला नेणार होते. यादीत नाव नसलेल्याची संधी गेली. पुन्हा असा ठराव होईल याची कुणी खात्री देत नव्हतं.

बहुतेकांचे दिवस अगदी काठावर होते. सप्टेंबर धरला तर दोनशे चाळीस भरत, नाही धरला तर त्यांतलं कुणीच पोचत नव्हतं. आणि आमच्याकडे फ्लॉपीवरचा बॅकअप होता तो पोळ्याच्या आधीचा. एक बॅकअप घ्यायला तीस फ्लॉप्या आणि अर्धा दिवस लागायचा. गणपती होऊ द्या, मग दसरा होऊ द्या, असं म्हणत आम्ही तो पुढे ढकलला होता.

मशीन स्वतःला विसरलं ते माझ्यामुळे.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात सगळी यंत्रं धुतली पुसली जात. प्रेस, वेल्डिंगचे सेट, पेंट शॉपच्या फवारण्याच्या बंदुका, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजा झालेलं हत्यार दसरा होईपर्यंत वापरायचं नाही. आमच्या खोलीतल्या मशीनची पूजा आधी कधी झाली नव्हती. गावी मी बाबांना दर वर्षी नांगर आणि विळे धुऊन द्यायचो. माझं अन्न ज्या यंत्रावर चालतं त्याला कुंकू लागू नये हे मला बरं वाटेना. ताई म्हणाल्या, "करा ना भाऊ, आमच्या घरी तर शिवणमशीनले पण करतात."

मी मशीन नीट बंद केलं. स्क्रू काढून झाकण उघडलं. आत नागपूरची आख्ख्या उन्हाळ्याची धूळ होती. ब्रशनं झाडली. आतल्या बाजूला चिकटवलेली एक बॅटरीची डबी होती, तिच्यातून दोन तारा मुख्य सर्किटकडे जात होत्या. डबीवर हिरवट थर आला होता. मी तिची पिन काढली, डबी पुसली, वर्तमानपत्रावर वाळत ठेवली. तासाभरानं परत लावली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून पुन्हा लावतो, तितकंच ते काम मला वाटलं. कॅबिनेटच्या पुढच्या अंगाला एक पिवळा पडलेला कागद डकवलेला होता, त्यावर पेन्सिलीनं काही आकडे. जुना दिसत होता म्हणून ओल्या फडक्यानं खरवडून काढला. त्या जागेवर ताईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. फार छान दिसत होतं. मशीन दोन दिवस बंद होतं, म्हणून काय झालंय ते कुणालाच कळलं नाही.

दसऱ्यानंतरच्या सकाळी आठ वाजता बटण दाबलं. नेहमीसारखी आकडेमोड झाली आणि मग इंग्रजीत दोन ओळी आल्या, की जुळणीची माहिती हरवली आहे, सेटअपसाठी एफ-वन दाबा. मी एफ-वन दाबलं आणि ती ऐंशी सालची तारीख समोर आली.

तो सेटअपचा पडदा मी आधी एकदाच पाहिला होता, दुरुस्तीला आलेल्या इंजिनीअरच्या खांद्यावरून. बायोस हा शब्द मला बऱ्याच वर्षांनी कळला. तेव्हा एवढंच उमगलं, की मशीनच्या पोटात कोणती फ्लॉपी आहे, मेमरी किती आहे, डिस्क कसली आहे, पाठीमागची कोणती जोडणी चालू ठेवायची, हे सगळं त्या बॅटरीच्या जोरावर मशीन लक्षात ठेवत होतं. मी ती एक तास काढून ठेवली होती. आणि कागदावर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे तेच होते.

तारीख भरली, वेळ भरली. फ्लॉपी डोळ्यांसमोर होती, ती भरली. मेमरी मशीननं स्वतःच मोजली. हार्ड डिस्कच्या पुढे मात्र 'टाइप' असं लिहून रिकामी जागा होती. बाणाची कळ दाबली की एक, दोन, तीन असे नंबर येत. प्रत्येक नंबरासमोर डिस्कची मापं दिसत, म्हणजे तिच्यावर सिलिंडर नावाचे कप्पे किती आणि ते वाचणारे हेड किती, एवढंच. सत्तेचाळीस नंबर होते. त्यांतला एक आमचा. डिस्क स्वतःहून सांगत नव्हती आणि तिच्या अंगावरचं लेबल दिसेल अशी ती बसवलेली नव्हती. ती बाहेर काढण्याची माझी हिंमत नव्हती.

साहेब नऊला आले. पुण्याकडचे होते, शुद्ध बोलत, माणूस वाईट नव्हता. मी जे झालं ते सगळं सांगितलं, पूजेसकट.

ते म्हणाले, "अहो, पण झाकण उघडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही साहेब."

"इंजिनीअरला फोन करा."

सदरला मशीनच्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. अर्ध्या तासानं लागला. पलीकडच्या माणसानं हिंदीत सांगितलं, की इंजिनीअर दसऱ्याला रायपूरला गावी गेला आहे, परवा येईल. मी विचारलं, आमच्या मशीनच्या डिस्कचा नंबर तुमच्याकडे लिहिलेला असेल ना? तो म्हणाला, "लिखा तो होगा भैया, पर अलमारी की चाबी उसी के पास है." मी कुलूप तोडायला सांगणार होतो. तेवढ्यात पलीकडून फोन ठेवला गेला.

खोलीच्या दाराबाहेर व्हरांड्यात माणसं जमायला लागली होती. यादी आज निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. चहाच्या सुट्टीत आठदहा जण भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी आत डोकावलं नाही, पण त्यांच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता.

मी एकेक नंबर लावून पाहायचं ठरवलं. नंबर भरायचा, मशीन पुन्हा चालू करायचं, वाट पाहायची. एक नंबरला पडदा काळाच राहिला. दोनला डिस्क खरखर करून थांबली. तीन, चार, पाच, कशालाच काही नाही. प्रत्येक वेळी तीनचार मिनिटं जात. हाताला घाम येत होता, म्हणून मी रुमाल मांडीवर ठेवला होता. ताई शेजारी बसून वहीत नंबर लिहून त्यावर फुली मारत होत्या. सहाव्या फुलीनंतर त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरी देवीसमोर दिवा आहे, मी नवस बोलून टाकला." नवसाचा मला राग आला, आणि त्याच वेळी मीही मनातल्या मनात बोलत होतो.

बारा नंबरला मशीन चालू झालं.

आमची नेहमीची ओळ पडद्यावर आली. ताई टाळी वाजवून उठल्या आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, "आलं, आलं जी!" व्हरांड्यात एकदम गलका झाला. साहेब केबिनमधून आले आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले. मी गुरुजींचं नाव घेतलं होतं, हे मला आजही आठवतं.

ते मशीन चालू होताना दर वेळी आधी आपल्या सगळ्या फायली तपासायचं. मोडकी दिसली तर विचारायचं, ही काढून टाकू का, हो की नाही. मी पाहिलेल्या सात महिन्यांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. एक लांब ओळ आली, त्यात आकडे, शेवटी प्रश्न.

"काय म्हणतंय?" साहेबांनी विचारलं.

"दुरुस्ती करू का, विचारतंय साहेब."

"मग करू द्या ना. अकरा वाजले."

मी हो म्हणून वाय दाबलं.

लगेच दुसरी ओळ आली, तसलीच. आता मी ती पूर्ण वाचली. त्यात फाइलचं नाव होतं, असेंब्ली विभागाची सप्टेंबरची हजेरी. पुढे लिहिलं होतं, वाचता येत नाही, काढून टाकू? बोट कळीवर होतं ते मी उचललं. वरची ओळ अजून पडद्यावर होती. तीही आता वाचली. पेंट शॉपचा सप्टेंबर.

मी 'नाही'ची कळ दाबली आणि तपासणी तिथेच थांबवली. मग मागची वायरच ओढून काढली. साहेब म्हणाले, "काय झालं?" "थांबा साहेब," मी म्हणालो. ताईंनी मला तांब्याभर पाणी दिलं, ते मी शर्टावर सांडलं.

पुढची पंधरावीस मिनिटं मी नुसता बसून होतो. पुन्हा वायर लावली तर काय उडेल याची भीती होती. पुढचा नंबर लावावा तरी भीती. व्हरांड्यात लोक हसतबोलत होते, कारण त्यांना मशीन चालू झाल्याचंच कळलं होतं. त्यांतला एक जण दारातून आत येऊन म्हणाला, "भाऊ, चहा पाठवू काय? आमच्या नावावर." मी मान हलवली. त्यानं खरंच चहा पाठवला.

चहा तसाच गार होत होता. मी वहीतली ताईंची फुल्यांची रांग पाहत होतो, आणि त्या वेळी डोकं थोडं चालायला लागलं. बारा नंबरवर मशीन चालू झालं, याचा अर्थ तो नंबर थोडाफार तरी बरोबर होता. जुन्या फायली सापडल्या, सप्टेंबरच्या सापडल्या नाहीत. नव्या फायली डिस्कच्या शेवटाकडे गेल्या असणार. म्हणजे बारा नंबरनं मशीनला आमची डिस्क होती त्यापेक्षा आखूड सांगितली होती. शेवटच्या भागापर्यंत ते पोचतच नव्हतं, आणि तिथलं सगळं त्याला मोडकं वाटत होतं. फायली मोडलेल्या नव्हत्याच. माझं मापच चुकलं होतं.

मी वायर परत लावली, थेट सेटअपमध्ये गेलो आणि काहीही चालू न करता फक्त नंबर पुढे सरकवत त्यांची मापं वाचली. बाराइतकेच हेड, पण सिलिंडर जास्त, असे दोनच सापडले, अठरा आणि एकोणीस. ताईंना म्हणालो, "ताई, अठरा लावतो. प्रश्न आला तर माझा हात धरा." त्यांनी खरंच माझं मनगट धरलं. गावी बैल बांधताना दावं धरतात तसं, घट्ट.

अठरानं मशीन चालू झालं. तपासणी सुरू झाली. फिरणारी रेघ फिरत राहिली. एकही प्रश्न आला नाही. असेंब्लीचा सप्टेंबर होता, प्रेसचा होता, पॅकिंगचा होता. पेंट शॉपच्या सप्टेंबरच्या जागी काहीच नव्हतं. मी एका वायनं तो काढून टाकला होता, आणि काढून टाकलेलं परत आणायची सोय त्या मशीनमध्ये नव्हती. निदान मला माहीत नव्हती.

दोन वाजता यादी काढायला घेतली तर प्रिंटर हलेना. पुन्हा सेटअप. प्रिंटरची जोडणी मशीनच्या पाठीत आधीपासूनच बसवलेली होती, आणि बॅटरी गेल्यावर तीही बंद झाली होती. ती चालू केली, प्रिंटर खडखडू लागला. एवढं सोपं होतं म्हणून मला उलट रडूच आलं.

पेंट शॉपची टेम्पररी माणसं सात होती. साहेबांच्या केबिनमध्ये मी उभा राहून सांगितलं, की सातही जणांचे दिवस भरलेले आहेत. सप्टेंबरची हजेरी मी माझ्या हातानं भरली आहे, आणि ती माझ्या हातून गेली.

"कार्डं?"

"रद्दीत गेली साहेब."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात, हे लक्षात आहे ना?"

"हो साहेब."

मी कागद मागितला आणि तिथेच लिहून दिलं. इंग्रजी सुचेना, म्हणून मराठीतच लिहिलं. पूजेसाठी झाकण मी उघडलं, बॅटरी मी काढली, कागद मी खरवडला, वाय मी दाबलं, या सात माणसांनी सप्टेंबरात काम केलेलं आहे. खाली सही केली. साहेबांनी तो वाचला, दोन घड्या घातल्या आणि टेबलाच्या खणात ठेवला.

"हेड ऑफिस मशीनचे आकडे मागतं हो. तुमची सही नाही मागत," ते म्हणाले. "सातांच्या पुढे लिहा, रेकॉर्ड उपलब्ध नाही. आणि हा कागद मी पाहिलेला नाही, असं समजा. तुमच्यासाठीच म्हणतोय."

ते शब्द मीच टाइप केले, सात वेळा. चारला यादी त्यांच्या हातात दिली.

साडेचारला पेंट शॉपमधला एक जण खिडकीशी आला. तिशीतला असेल, उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतला. नखांत कायम राखाडी रंग असायचा. सकाळी चहा पाठवणारा तोच होता.

"भाऊ, आमचं आलं काय जी?"

मी बाहेर गेलो. खिडकीतून सांगणं मला जमलं नसतं. सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं, "किती दिवस गेले?"

"पूर्ण सप्टेंबर."

"सप्टेंबरात मी एक खाडा नाही केला. पोरगी तापानं पडली होती तरी आलो मी."

"खरं आहे."

"तुमाले कसं माहीत खरं आहे?"

"मीच भरली होती ना हजेरी."

"मंग लिहून द्या ना जी तसं."

"दिलंय. साहेबांनी खणात ठेवलं."

त्यानं गेटकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण गेलं काहून? मशीन तर चांगलं होतं."

मी बॅटरीचं सांगितलं. कशासाठी काढली तेही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आम्ही हे हळदकुंकू नाही करत जी," तो म्हणाला. "मी अन् बायको काल दीक्षाभूमीवर होतो, पोरीले घेऊन. एवढी गर्दी, पाय ठेवाले जागा नाही. तिथं तिले सांगितलं मी, उद्या कायम होतो म्हणून." मग म्हणाला, "पूजा तुमची, अन् उपास आमचा. वा रे वा."

मी त्याचे हात धरले. त्यानं ते धरू दिले, मग हळूच सोडवून घेतले, कारण बस सुटायची वेळ झाली होती.

दिवाळीच्या आठ दिवस आधी सातही जणांना ब्रेक मिळाला, म्हणजे काही दिवसांसाठी कामावरून कमी केलं. पंधरवड्यानं त्यांतल्या चौघांना परत घेतलं, त्यात तो होता. ब्रेकनंतर दिवस पुन्हा पहिल्यापासून धरायचे. त्याच्या नावापुढे पहिला दिवस मीच भरला. त्यानंतर मी दर शनिवारी बॅकअप घेत राहिलो, एकदाही न चुकता. सेटअपचे सगळे आकडे तीन ठिकाणी लिहून ठेवले. ताई म्हणत, "भाऊ, आता पुरे ना, किती वेळा लिहाल." त्याचा त्या चौघांना काही उपयोग नव्हता, हे मला कळत होतं. साहेबांच्या खणातल्या कागदाचं मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनीही काढला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. बाबा स्वतः काटोलहून बसनं आले, संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन. एक गुरुजींना पोचवून आलो, असं म्हणाले, म्हणजे तीन आणले असणार. मी टाइम ऑफिसात, साहेबांना, ताईंना बर्फी वाटली. पेंट शॉपकडे गेलो नाही. रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो.

त्याच आठवड्यात ठेकेदारानं पेंट शॉपमधल्या त्या चहावाल्या माणसाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. दोनशे सव्वीस दिवस झाले होते. ठेकेदार आता कुणालाच दोनशे चाळीसपर्यंत पोचू देत नव्हता, आणि ठरावाचं वर्षही ते एकच होतं. गेटपास परत करायला तो माझ्याच खिडकीशी आला. पास ठेवला आणि म्हणाला, "ऐकलं, तुम्ही कायम झाले."

"हो."

"मंग गोड नाही दिलं जी."

डबा टेबलाच्या खणात होता. त्यात पाचसहा वड्या उरल्या होत्या. मी तो आख्खा त्याच्यापुढे केला. त्यानं एक वडी उचलली, उभ्याउभ्याच खाल्ली, हात पँटला पुसले.

"चांगली आहे," तो म्हणाला. "काटोलची?"

"हो."

"चांगली आहे," पुन्हा म्हणाला आणि गेटकडे गेला. मी टर्मिनलवर त्याचं नाव उघडलं. शेवटच्या दिवसाची तारीख भरायची जागा रिकामी होती. ती मला भरावीच लागणार होती. मी भरली.